भाऊबीजेच्या रात्रीचे ताट

भाऊबीजेला माझ्या तिन्ही बहिणी माहेरी येतात. रीत पाहिली तर त्या दिवशी भावाने बहिणीच्या घरी जायचे असते. परंतु आईला आता प्रवास झेपत नाही आणि तिघी एकत्र भेटाव्यात असा दुसरा दिवस वर्षभरात निघत नाही, म्हणून गेली काही वर्षे ओवाळणी आमच्या कोल्हापुरातल्या पेठेतल्या घरीच होते. आक्का गडहिंग्लजहून, ताई इचलकरंजीहून आणि धाकटी कागलहून येते. तिन्ही दाजी, चार भाचरे, आई आणि आम्ही तिघे धरून रात्रीच्या पंगतीला चौदा पाने होतात.

पूर्वी या रात्रीचा स्वयंपाक कसा होत असे, ते आधी सांगितले पाहिजे. बहिणी यायच्या, पिशव्या ठेवायच्या, पदर खोचायच्या आणि थेट स्वयंपाकघरात शिरायच्या. एके वर्षी ओवाळून झाल्यावर ताई भाकरी थापायला बसली ती पंगत उठेपर्यंत उठलीच नाही. सर्वांचे जेवण झाल्यावर ती एकटी ताटावर बसली, तेव्हा तिच्या वाटीतल्या तांबड्या रश्श्यावर चरबी थिजून पांढरी साय धरली होती. ज्या बहिणीसाठी हा सण, तिनेच थंड रस्सा खावा, हे मला फार लागले. त्या रात्रीपासून ठरवले की भाऊबीजेच्या संध्याकाळी तिघींपैकी कोणीही चुलीजवळ यायचे नाही. आमचा आजचा बेत त्या एका निश्चयातून ठरलेला आहे. कोणता पदार्थ ठेवायचा, कोणता गाळायचा आणि कोणता किती वाजता करायचा, हे सारे त्यावरूनच ठरते.

बेत मोजका आहे. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुके मटण, शाळू ज्वारीची भाकरी, आजरा घनसाळचा साधा भात, दही-कांदा, खर्डा आणि लिंबू. आक्का आणि थोरले दाजी माळकरी आहेत, त्यांच्यासाठी सुरणाचा तांबडा आणि नारळाचा पांढरा. पूर्वी आम्ही यात खिम्याचे गोळे, बिर्याणी आणि एखादे गोडही घालत असू. ते सारे हळूहळू काढून टाकले. बिर्याणीचा वास रश्श्याच्या वासावर कुरघोडी करतो आणि तिच्यामुळे पांढऱ्या रश्श्याला भातात जागाच उरत नाही. गोडाचे म्हणाल तर दुपारी बासुंदी-पुरी झालेली असते, मटणावर दूध घ्यायचे नाही हा आईचा दंडक आहे, आणि घरात फराळाचे डबे भरलेले असतात. रात्री ताटात एक करंजी ठेवली की पुरे.

बासुंदीसाठी दूध मात्र मी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरूनच आणतो. डोळ्यांसमोर पिळलेले म्हशीचे ते दूध तापवले की त्यावर येणारी साय पाहूनच बासुंदी कशी होणार ते कळते. आदल्या दिवशीच, पाडव्याला, गवळी मंडळी आपल्या म्हशी रंगवून आणि सजवून वाजतगाजत मिरवतात. त्या म्हशींचे कौतुक पाहिलेल्या मुलांना दुसऱ्या दिवशीची बासुंदी कोठून आली, ते निराळे सांगावे लागत नाही.

खोबरे, तीळ, खसखस आणि अख्खा मसाला दोन दिवस आधी लक्ष्मीपुरीतून येतो; सुरण आणि कोथिंबीर आदल्या दिवशी कपिलतीर्थ मंडईतून. मटणासाठी भाऊबीजेच्या सकाळी सात वाजता रांगेत उभे राहायचे. मटण हा आमच्या गावाच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. २०१९ च्या अखेरीस दर वाढले तेव्हा कोल्हापूरकरांनी त्यासाठी आंदोलन केले होते, आणि ते सर्वांना स्वाभाविकच वाटले होते. बारा खाणाऱ्यांसाठी, त्यांत लहान मुले आली, मी अडीच किलो मटण घेतो. मांडी, चाप आणि सीना मिसळून, तुकडे मध्यम, आणि त्याखेरीज अर्धा किलो नळ्या व हाडे वेगळी मागून घेतो. रश्श्याला अंग येते ते हाडांमुळे. नुसत्या बिनहाडाच्या मटणाचा रस्सा कितीही मसाला घातला तरी पाण्यासारखा लागतो.

या जेवणाचे मूळ अळणीत आहे. मटण शिजवून निघालेल्या बिनमसाल्याच्या पाण्याला आम्ही अळणी म्हणतो. नाव अळणी असले तरी त्यात मीठ असते. पांढरा, तांबडा आणि मुलांचा अळणी भात हे तिन्ही या एकाच पातेल्यातून निघतात, त्यामुळे अळणी साधली की पुढचे निम्मे काम झाले. आमच्याकडे मटण परसात वेगळ्या शेगडीवर शिजते. दुपारी तीन वाजता मोठ्या पातेल्यात चार चमचे तेल, दोन बारीक चिरलेले कांदे, आणि आले-लसूण-कोथिंबिरीचे वाटण परतून त्यात मटण आणि हाडे घालायची, मीठ घालायचे आणि मटणाला स्वतःचे पाणी सुटून ते आटेपर्यंत परतत राहायचे. मग पातेल्यावर खोलगट ताट झाकून त्या ताटात पाणी ओतायचे. आई हे पाणी कधी संपू देत नसे. ताटातले पाणी कडकडीत झाले की तेच मटणात ओतायचे आणि ताटात नवे घ्यायचे, असे करत सुमारे पाच लिटर पाणी आत जाते. गार पाणी ओतले की उकळी मोडते आणि मटण आकसते, म्हणून ही पद्धत. मंद आचेवर दीड तासात मटण हाडापासून सुटायला लागते आणि चार लिटरच्या आसपास अळणी उरते.

यात एक गोष्ट कटाक्षाने पाळायची. मटण शिजताना हळद घालायची नाही. बहुतेक घरांत धुतलेल्या मटणाला आधी हळद-मीठ चोळतात, आणि एरवी तेच बरोबर आहे. पण त्या अळणीचा पांढरा रस्सा केला तर तो पिवळसर होतो आणि मग त्याला कितीही नारळ घातला तरी पिवळेपणा जात नाही. हळद नंतर तांबड्यात आणि सुक्यात घालता येते.

अळणी गाळून घेतली की पाव भाग मुलांच्या भातासाठी झाकून ठेवायचा. उरलेल्या तीन लिटरचे सारखे दोन वाटे होतात, एक पांढऱ्यासाठी आणि एक तांबड्यासाठी.

पांढऱ्याला मी सर्वांत जास्त वेळ देतो. दीड लिटर अळणीला दोन नारळ लागतात. नारळाचे पहिले घट्ट दूध वेगळे आणि गरम पाणी घालून काढलेले दुसरे पातळ दूध वेगळे ठेवायचे. दोन चमचे खसखस, दोन चमचे पांढरे तीळ आणि वीस-पंचवीस काजू तासभर कोमट पाण्यात भिजवून गंधासारखे मऊ वाटायचे. वाटणात कण राहिला तर तो जिभेला लागतो. तुपात दालचिनीचे दोन तुकडे, पाच लवंगा, दहा मिरे, चार वेलदोडे आणि एक तमालपत्र टाकून वास सुटला की चार हिरव्या मिरच्या उभ्या चिरून घालायच्या, मग वाटण, आणि ते मंद आचेवर परतायचे. त्याचा रंग बदलू द्यायचा नाही. मग अळणी, मग पातळ दूध. हे मिश्रण दहा मिनिटे उकळले तरी चालते. घट्ट दूध मात्र अगदी शेवटी, आच बारीक करून, एका हाताने धार धरून आणि दुसऱ्या हाताने पळी फिरवत घालायचे, आणि कडेला पहिले बुडबुडे दिसताच पातेले उतरवायचे.

चार वर्षांपूर्वी माझा पांढरा रस्सा फाटला होता. सहा वाजता सगळे तयार करून ठेवले, धाकटीची गाडी वाटेत अडकली, ती पोहोचली साडेआठला, आणि गार झालेला रस्सा मी घाईने मोठ्या आचेवर ठेवला. ढवळायला वळलो तोवर वर तेलकट थर आणि खाली दह्यासारखे कण झाले होते. नारळाच्या दुधातली प्रथिने जास्त उष्णतेने गोठतात आणि स्निग्धांश पाण्यापासून सुटतो. एकदा सुटलेला तो पुन्हा एकजीव होत नाही. गाळून वाढला, पण वाटीतली ती चमक गेली ती गेलीच. तेव्हापासून मी घट्ट दूध घालण्याचे काम ओवाळणी संपल्यावरच करतो. त्यातून गरम करायची वेळ आली तर रश्श्याचे पातेले दुसऱ्या मोठ्या पातेल्यातल्या गरम पाण्यात ठेवतो आणि आचेशी थेट गाठ पडू देत नाही. झाला की पळी बुडवून तिच्या पाठीवर पाहायचे: रस्सा पळीला पातळ पडद्यासारखा धरला आणि बोट फिरवल्यावर रेघ क्षणभर टिकली, की तो बरोबर झाला. त्याहून दाट झाला तर तो रस्सा राहत नाही, त्याची खीर होते.

तांबड्याबद्दल एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. बाहेरगावच्या खाणावळींत कोल्हापुरी या नावाखाली जे जाळ मिळते, ते पाहून आमच्या जेवणात तिखटाखेरीज काही नाही, अशी समजूत पसरली आहे, आणि ती आमच्यावर अन्याय करणारी आहे. आमच्या घरची कांदा-लसणाची चटणी उन्हाळ्यात कांडपावरून आणलेली असते. तिच्यात ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी चवीसाठी आणि लवंगी अगदी थोडी तिखटासाठी. त्यांच्या जोडीला भाजलेले खोबरे, धने, तीळ, अख्खा मसाला, तळलेला कांदा आणि लसूण असतो. तिखट हा त्या चटणीतला एक भाग आहे. रश्श्याचा घोट घेतल्यावर आधी खोबरे आणि लसूण लागला पाहिजे आणि तिखट त्यानंतर घशाशी जाणवले पाहिजे.

तांबड्यासाठी आणि सुक्यासाठी वाटण एकच करतो. सहा कांदे उभे चिरून तेलात तांबूस, दीड वाटी सुके खोबरे खरपूस, दोन चमचे तीळ, दोन चमचे धने आणि एक चमचा खसखस कोरडी भाजून, त्यात दोन गड्डे लसूण, दोन इंच आले आणि मूठभर कोथिंबीर घालून बारीक वाटायचे. अर्धे वाटण तांबड्याला. पाऊण वाटी तेल तापवून आच बारीक करायची आणि मगच चार चमचे चटणी व अर्धा चमचा हळद घालायची. तापलेल्या तेलात चटणी टाकली तर ती करपते आणि रस्सा काळा व कडवट होतो. चटणीचा रंग तेलात उतरला की वाटण, ते तेल सोडेपर्यंत परतणे, आणि मग उकळती अळणी. अळणी गार घातली तर तवंग नीट येत नाही. पातळपणा राखावा लागतो, कारण हा रस्सा भाकरीबरोबर खायचाही असतो आणि वाटीतून प्यायचाही. उरलेल्या वाटणात तीन चमचे चटणी, हळद आणि शिजलेले मटण घालून पंधरा-वीस मिनिटे परतले की सुके होते. त्यावर विशेष काही सांगण्यासारखे नाही. अळणीत मटण नीट शिजलेले असेल तर सुके बिघडतच नाही.

आक्काच्या ताटाचा विचार मी सर्वांत आधी करतो, आणि तिचा स्वयंपाक सकाळीच होतो, मटण घरात यायच्या आधी, वेगळ्या भांड्यांत आणि वेगळ्या पळ्यांनी. भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला येते आणि चातुर्मास कार्तिकी एकादशीला संपतो. म्हणजे त्या रात्री आक्काचा कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य असण्याचे अजून नऊ दिवस बाकी असतात. कांदा-लसणाची चटणी तिच्या रश्श्याला चालत नाही. पहिली काही वर्षे तिच्यासाठी बटाट्याची भाजी आणि वरण केले जाई आणि ती काही न बोलता जेवत असे. पण बाकीच्यांनी वाट्या तोंडाला लावायच्या आणि थोरल्या बहिणीने वरण-भात कालवायचा, हे मला पटेना.

दिवाळीच्या सुमारास मंडईत सुरण चांगला येतो आणि रश्श्यात त्याची फोड मटणासारखी दमदार लागते. सुरणात ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो. म्हणून हाताला तेल लावून तो सोलायचा, मोठ्या फोडी करून चिंचेच्या कोळाच्या पाण्यात मीठ घालून अर्धवट उकडायचा, आणि पुसून तेलात तांबूस तळायचा. रश्श्याचे वाटण सुके खोबरे, तीळ, धने आणि भरपूर आले यांचे. फोडणीत हिंग जरा सढळ, मग ब्याडगीचे तिखट आणि गोडा मसाला. फोडी शेवटची दहा मिनिटे रश्श्यात मुरू द्यायच्या. तिच्या पांढऱ्यासाठी दुधी, फ्लॉवरचे देठ, आले आणि मिरे अर्धा तास उकळून ते पाणी गाळून घेतो आणि पुढची कृती मटणाच्या पांढऱ्यासारखीच, फक्त काजू थोडे जास्त. गेल्या वर्षी ताईने आक्काच्या वाटीतला पांढरा चाखून पाहिला आणि आणखी मागितला. पुढच्या वेळी तो दुप्पट करावा लागेल.

भाताला आजरा घनसाळ. आजरा तालुक्यातल्या या सुवासिक तांदळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण आमच्याकडे तो त्याच्या कितीतरी आधीपासून सणाचा तांदूळ आहे. तो मऊ शिजतो, आणि पांढरा रस्सा त्यावर ओतला की दोन्ही एकमेकांत मिसळतात. त्यात कसलीही फोडणी घालू नये.

आता उरली भाकरी, आणि खरा प्रश्न तिचाच होता. बाकी सारे संध्याकाळी सहाच्या आत उरकता येते. भाकरी मात्र तव्यावरून ताटात यायला हवी, आणि ती थापायला कोणीतरी बसावेच लागते. चौदा जणांना अठ्ठावीस भाकऱ्या. म्हणूनच दरवर्षी एखादी बहीण उठत असे. यावर चपात्या करून ठेवाव्यात असे पत्नीने सुचवले होते, पण तांबड्याला भाकरीच हवी; चपाती त्यात लगेच लिबलिबीत होते. तेव्हा मीच भाकरी शिकायचे ठरवले.

त्याला जवळजवळ दोन वर्षे लागली. रोज रात्री स्वतःच्या ताटापुरत्या दोन. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ उकळत्या पाण्यात मळायचे. त्या पाण्याने पिठातला पिष्टमय भाग फुगतो आणि मग भाकरी एकसंध राहते. पहिले सहा महिने माझ्या भाकरीच्या कडा चिरत होत्या. दळण तीन आठवड्यांचे आहे, पिठाची विरी, म्हणजे धरून राहण्याचा गुण, गेली आहे, हे आईने नुसते चिमटीत पीठ धरून सांगितले. आता शाळू भाऊबीजेच्या दोन दिवस आधी दळून आणतो. काटवटीत तळहाताच्या टाचेने पीठ रगडायचे, गोळा सगळीकडून सारखा झाला की कोरड्या पिठावर थापायचा, आणि हात फिरतो तशी भाकरी आपोआप फिरली पाहिजे. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवायचे, ते सुकायच्या आत उलटायची, आणि दुसरी बाजू झाली की थेट आचेवर. पाणी फिरवायला उशीर झाला की पापुद्रा सुटत नाही.

त्या संध्याकाळी सातला ओवाळणी होते. त्याआधी पत्नी आणि मी दोन तव्यांवर डझनभर भाकऱ्या करून दुरडीत फडक्याखाली झाकून ठेवतो, म्हणजे पहिली वाढ थांबत नाही. ओवाळून झाले की मी घट्ट दूध घालून दोन्ही पांढरे रस्से उतरवतो आणि सर्वांना आधी एकेक वाटी पांढरा प्यायला देतो. कार्तिकातली थंडी पडू लागलेली असते आणि त्या वाटीने सगळे सैल होऊन बसतात. मुलांच्या ताटांत अळणी भात आणि मटणाचे दोन मऊ तुकडे. मुलगा आणि मोठा भाचा वाढायचे काम करतात. आम्ही दोघे तव्यांशी.

गेल्या वर्षी पंगत सुरू झाल्यावर ताई सवयीने उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली. तव्याखालच्या आचेवर माझी भाकरी टम्म फुगत होती. तिने ती पाहिली, मी काही म्हणायच्या आत फुंकर मारत चिमटीने उचलून दुरडीत टाकली, दुरडी घेतली आणि परत आपल्या पाटावर जाऊन बसली.

अठ्ठाविसावर तीन भाकऱ्या मी मुद्दाम जास्त करतो. सकाळी बहिणी निघायच्या आधी उरलेला तांबडा उकळवून त्यात शिळी भाकरी कुस्करायची, वर कच्चे तेल, कांदा आणि लिंबू. आक्कासाठी सुरणाचा तांबडा वेगळ्या पातेलीत उरवलेला असतोच.